मत, पुरावा आणि मधला पूल : सहावी ते आठवीच्या मुलांना युक्तिवादाचा निबंध कसा शिकवावा

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही 'शाप की वरदान' हा निबंध आठवेल. विज्ञान, दूरदर्शन, संगणक, मोबाईल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. विषय बदलत गेले, साचा तोच राहिला. सुरुवातीला 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', मग चार फायदे, मग चार तोटे आणि शेवटी 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, वापर कसा करायचा हे आपल्या हातात आहे'. अक्षर वळणदार असलं आणि मध्ये एखादा सुविचार पेरलेला असला की गुण चांगले मिळतात. पण निबंध वाचून झाल्यावर लिहिणाऱ्या मुलाला काय वाटतं, ते कळत नाही. फायदे मोठे की तोटे मोठे, आणि का, हे त्याने तोलून पाहिलेलंच नसतं. तसं करायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी मुंबईत मराठी माध्यमाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. या वयाची मुलं दिवसभर वाद घालतात. मधल्या सुट्टीत बाद की नाबाद यावरून, घरी मोबाईलवरून, बाकावर कोण कुठे बसणार यावरून. त्यांच्याकडे मतं भरपूर आहेत आणि ती पटवून देण्याची खुमखुमीही आहे. हीच मुलं वहीत लिहायला बसली की गुळगुळीत होतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा मानला आहे. माझ्या मते युक्तिवाद लिहायला शिकवण्याचं वय हेच. दहावीच्या वर्षी सुरू केलं तर उशीर झालेला असतो, कारण तोवर साचा हाडीमाशी खिळलेला असतो.

युक्तिवादाचा निबंध म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करते. ज्यावर समंजस माणसांचंही एकमत होणार नाही असा प्रश्न घ्यायचा. त्यावर स्वतःचं एक मत ठरवायचं. ते का, याची कारणं द्यायची, कारणांना पुरावा जोडायचा, विरुद्ध बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडून त्याला उत्तर द्यायचं. वाचणाऱ्याला पटलंच पाहिजे असं नाही, पण त्याला विचार करावा लागला पाहिजे. पाठ्यक्रमातला 'वैचारिक निबंध' याच्या जवळचा. मात्र त्यात विचार नुसते मांडूनही भागतं. इथे ते सिद्ध करायला लागतात.

आणि मुलं नेमकी कुठे अडतात? मत सांगायला अडत नाहीत. पुरावाही हल्ली शोधून आणतात. या दोहोंना जोडणारं एक वाक्य असतं, ते लिहीत नाहीत. माझं सगळं शिकवणं या एका वाक्याभोवती फिरतं.

मधलं वाक्य

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची रचना उलगडून दाखवली. माणसं रोजच्या व्यवहारात, कोर्टात, सभेत जे युक्तिवाद करतात त्यांचे भाग त्यांनी वेगळे केले : दावा, त्याला आधार देणारी माहिती आणि त्या माहितीवरून हा दावा का करता येतो हे सांगणारा नियम. पुढे आणखी तीन भाग येतात. त्या नियमाला पाठबळ, 'बहुधा', 'साधारणपणे' अशी मर्यादा आणि अपवाद. जगभरच्या शाळांमध्ये युक्तिवाद शिकवण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतल्या बऱ्याच या मांडणीवर उभ्या आहेत.

आपल्याकडे न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, हे फार पूर्वी, निराळ्या तऱ्हेने सांगून ठेवलं आहे. अनुमानाचे पाच अवयव : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नेहमीचं उदाहरण डोंगरावरच्या आगीचं. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर दिसतो. जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे आग असते, जशी स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. यातलं तिसरं वाक्य काढून टाकून पाहा. 'धूर दिसतो, म्हणून आग आहे' हे तरीही पटतं, कारण तिसरं वाक्य आपण मनातल्या मनात भरतो. मुलांच्या निबंधातही हेच घडतं. ती ते वाक्य मनात भरतात आणि वाचणारा दुसरंच काहीतरी भरतो.

वर्गात हे उदाहरण दिलं की कुणीतरी विचारतंच, "बाई, पण तो धूर नसून धुकं असलं तर?" मुंबईत हिवाळ्यातल्या सकाळी समोरच्या इमारती दिसेनाशा होतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांना सहज सुचतो. या प्रश्नाने अर्धं काम होतं. पुरावा खरा आहे का, हा एक प्रश्न आणि पुरावा खरा असला तरी त्यावरून हे मत निघतं का, हा दुसरा. दोन्ही वेगळे आहेत हे मुलांना तिथेच कळतं.

मुलांसाठी मी याला 'पूल' म्हणते. पुरावा एका फलाटावर, मत दुसऱ्या फलाटावर. मध्ये पूल नसेल तर रूळ ओलांडावे लागतात, आणि ते करू नये हे मुंबईच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. टुलमिन, न्यायदर्शन ही नावं मी वर्गात क्वचितच घेते. 'तुझा पूल कुठाय?' एवढा प्रश्न पुरतो, आणि काही दिवसांनी मुलंच तो एकमेकांना विचारायला लागतात.

एक प्रश्न शेवटपर्यंत

आता एक प्रश्न घेऊन सगळं करून दाखवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. पाचवीपासून पुढच्या वर्गांना तो लागू नव्हता. साहजिकच आमच्या मुलांचा प्रश्न : आमचं काय? 'सहावी ते आठवीची शाळाही नऊनंतर भरावी का?'

मुंबईत हा प्रश्न सोपा नाही. इथे एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन अधिवेशनं भरतात, काही ठिकाणी वरच्या मजल्यावर दुसरीच शाळा असते. म्हणूनच तो निबंधाला चांगला. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर लिहिण्यासारखं काही उरत नाही.

सातवीतली मुलं पहिल्या खेपेला साधारण असा परिच्छेद लिहितात :

'शाळा उशिरा सुरू झाली पाहिजे कारण मुलांची झोप होत नाही. आमच्या वर्गात सगळे पेंगतात. झोप ही आरोग्यासाठी अत्यंत आवश्यक आहे. लवकर निजे लवकर उठे, त्यास ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे. म्हणून शाळा उशिरा सुरू झालीच पाहिजे.'

यात चुका काढायच्या आधी मी सांगते की इथे मत आहे, कारण आहे आणि निरीक्षणही आहे. मग एकेक वाक्य फळ्यावर घेते. 'सगळे पेंगतात' यावर वर्गातूनच आवाज येतो, "मी नाही पेंगत!" मग 'सगळे'चं 'बरेच जण' होतं. बरेच म्हणजे किती? मोजू या. म्हणीवर मात्र वर्ग थबकतो. कारण म्हण लवकर उठायला सांगते आणि आपण मागतोय उशिरा उठणं. लिहिणाऱ्या मुलीने ती झोपेबद्दल आहे म्हणून घातलेली असते. सुविचार सजावटीसाठी वापरायची सवय आपणच मुलांना लावली. तो आपल्या बाजूने बोलतो की विरुद्ध, हे तपासायला शिकवलं नाही.

पुरावा दोन ठिकाणांहून येतो. एक, वर्गातून. प्रत्येकाने आठवडाभर झोपण्याची आणि उठण्याची वेळ वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. यातून मुलांना मोजणी करावी लागते, सरासरी काढावी लागते, गणिताच्या बाईंचीही मदत होते. दोन, बाहेरून. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वयाच्यांना आठ ते दहा तास झोप हवी, अशी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस आहे. तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगितलं की आपल्या सहावी-सातवीपासून पुढच्या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू होऊ नयेत. कारण वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोपच उशिरा येते. कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा केला. २०२२पासून तिथल्या या वयाच्या शाळा आठच्या आधी आणि त्यावरच्या शाळा साडेआठच्या आधी भरत नाहीत.

इथे आठवीतल्या चाणाक्ष मुलाला खाद्य मिळतं. शरीराचं घड्याळ पुढे सरकण्याचा मुद्दा वयात येणाऱ्या मुलांचा आहे, आणि आपला शासन निर्णय चौथीपर्यंतच्यांचा. म्हणजे हा पुरावा ज्या वयाबद्दल बोलतो, ते वय निर्णयाच्या बाहेर राहिलं. सहावी ते आठवीच्या मुलांना आपल्या बाजूने यापेक्षा चांगला मुद्दा मिळणार नाही. पण तो त्यांना स्वतः सापडू द्यावा. मी दोन्ही माहिती फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि गप्प राहते.

आता पूल. 'अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगितलं' यावरून 'मुंबईतल्या शाळा उशिरा भराव्यात' इथवर जायचं तर मधलं वाक्य काय? 'शरीराचं घड्याळ सगळीकडच्या मुलांचं सारखंच चालतं' हे एक. ते बऱ्यापैकी भक्कम आहे. 'उशिरा उठायला मिळालं की मुलं जास्त झोपतील' हे दुसरं. ते तपासून बघावं लागतं. आणि 'शाळेची वेळ बदलली की घरातली उठण्याची वेळही बदलेल' हे तिसरं. मुंबईत सगळा वाद या तिसऱ्या वाक्यापाशी येऊन थांबतो.

कागदावरचा वाद

तोंडी वादविवादात आवाज मोठा तो जिंकतो, आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो तो वेगळाच. म्हणून मी वाद कागदावर घालायला लावते. दोघांची एक जोडी एका बाजूची, दोघांची दुसरी जोडी विरुद्ध बाजूची. चौघांत मिळून एक फुलस्केप. एका जोडीने लिहायचं, कागद पलीकडे सरकवायचा. बोलायचं ते फक्त आपल्या जोडीदाराशी, कुजबुजत. नियम एकच : उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं एका ओळीत लिहायचं, 'तुमचं म्हणणं असं की...' आणि समोरच्या जोडीने 'हो, हेच म्हणायचंय' अशी खूण केल्यावरच पुढे जायचं.

अशा कागदावर काय घडू शकतं ते पाहा.

पहिली जोडी : शाळा नऊला भरली तर आम्हाला झोप पुरेल.

दुसरी जोडी : तुमचं म्हणणं असं की उशिरा उठायला मिळेल म्हणून झोप वाढेल. पण मग तुम्ही रात्री अजून दोन तास जागाल. झोप तेवढीच राहील.

पहिली जोडी : तुमचं म्हणणं असं की झोपायची वेळपण पुढे जाईल. तसं होणार नाही. आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेपाचला येतं, तेव्हा घरातले सगळे उठतात. कितीही जागलो तरी उठावंच लागतं. म्हणून आम्ही उगाच जागणार नाही.

दुसरी जोडी : तुमचं म्हणणं असं की साडेपाचला उठावंच लागतं. मग शाळा नऊला भरली तरी तुम्ही साडेपाचलाच उठणार. झोप कशी वाढेल?

पहिली जोडी इथे अडकते, आणि अडकणं हाच या तासाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. त्यांचाच पुरावा त्यांच्या दाव्याच्या आड आला. आता दोन वाटा आहेत. एक तर दावा बदला : शाळेची वेळ आणि पाण्याची वेळ दोन्हींचा प्रश्न आहे म्हणा. नाहीतर दाखवा की पाणी भरून झाल्यावर अर्धा तास पडता येईल, किंवा पाणी एकच जण भरतो, बाकीचे झोपू शकतात. दोन्हींसाठी विचार करावा लागतो.

या टप्प्यावर मी आणखी एक माहिती देते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने २०१६ साली मोठ्या मुलांच्या शाळा सात पन्नासऐवजी पावणेनऊला सुरू केल्या. अभ्यासकांनी मुलांच्या मनगटावर झोप मोजणारी उपकरणं बांधून पाहिलं, तर झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. शाळा ५५ मिनिटं पुढे गेली, झोप ३४ मिनिटं वाढली. मुलं हे आकडे बघतात आणि दोन्ही जोड्या ओरडतात, "बघा, आमचं बरोबर!" दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. झोप वाढली, पण मिळालेला सगळा वेळ झोपेत गेला नाही. आणि सिअ‍ॅटलमध्ये पहाटे नळाला पाणी यायची वाट बघत नाहीत, हे मुंबईतल्या मुलांनीच लक्षात आणून द्यायचं असतं.

अशा जोडीजोडीच्या लेखी वादाचा उपयोग संशोधनातही दिसला आहे. डियाना कून आणि अमँडा क्राउएल यांनी न्यूयॉर्कमधल्या मुलांवर सहावी ते आठवी अशी तीन वर्षं काम केलं. मुलांच्या जोड्या विरुद्ध मताच्या जोडीशी संगणकावर लिहून वाद घालायच्या. दुसरा गट होता नेहमीच्या पद्धतीचा : वर्गात चर्चा आणि निबंधलेखन. २०११ साली निष्कर्ष आले, तेव्हा वाद घालणाऱ्या मुलांच्या निबंधांत दोन्ही बाजूंचा विचार जास्त आढळला. आपल्याला संगणक लागत नाहीत. फुलस्केप आणि दोन रंगांची पेनं पुरतात.

वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांबद्दल एक सांगायला हवं. मुलांचा सभाधीटपणा त्यांतून वाढतो हे मला मान्य आहे. पण न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार वेगळे केलेत : खरं काय ते शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतः काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडून काढणारी वितंडा. चषक समोर असला की चर्चा दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, याला मुलं जबाबदार नाहीत. निबंध शिकवताना आपल्याला पहिला प्रकार हवा. म्हणून कागदी वादात मी गुण देत नाही आणि कोण जिंकलं हे जाहीर करत नाही.

वाचताना काय शोधायचं

लिहिण्याआधी, किंवा लिहिण्याबरोबरच, दुसऱ्यांचे युक्तिवाद वाचायला हवेत. वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रं यासाठी उत्तम. ती छोटी असतात, मत सहसा स्पष्ट असतं, आणि विषय खड्ड्यांचे, फेरीवाल्यांचे, लोकलच्या गर्दीचे, म्हणजे मुलांच्या ओळखीचे. अग्रलेख आठवीत घ्यावेत. सहावीला ते जड जातात.

काम साधं आहे. मताखाली एका रंगाची रेघ, कारणाखाली दुसऱ्या, पुराव्याखाली तिसऱ्या. मग विचारायचं : लेखकाने काय गृहीत धरलंय, जे कुठेच लिहिलेलं नाही? ते समासात पेन्सिलीने लिहा. हाच लेखकाचा पूल. तो पटतो का? बहुतेक वेळा मुलांना असं दिसतं की ज्या पत्राने आपल्याला चटकन पटवलं, त्यात पुराव्याचा रंग फारच कमी आहे. फक्त रागाची किंवा आपुलकीची वाक्यं आहेत. याच कसोटीला जाहिराती लावा, फॉरवर्ड होऊन आलेले मेसेज लावा. 'अभिनेता अमुक वापरतो, म्हणून तुम्हीही वापरा' यात पूल कोणता, हे सहावीतली मुलंही ओळखतात.

मराठीत या कामाला खूप समृद्ध शिदोरी आहे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, १८४८पासून लोकहितवादींची पत्रं मुंबईच्याच 'प्रभाकर'मध्ये छापून येऊ लागली. पण मला सर्वांत उपयोगी वाटतो तो टिळक-आगरकरांचा वाद. 'केसरी' १८८१ साली सुरू झाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक होते. मतभेद वाढले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघांच्या भूमिका विरुद्ध टोकांच्या होत्या. कोवळ्या वयातल्या विवाहित मुलींना संरक्षण देणारा तो कायदा. शरीरसंबंधांसाठीच्या संमतीच्या वयाची मर्यादा त्याने दहावरून बारावर नेली. आठवीच्या वर्गाला मी तपशिलात जात नाही, वादाचा आकार तेवढा दाखवते. मुलींना त्रास होतो हा पुरावा दोघांपुढेही होता. आगरकरांचा पूल असा की जिथे समाज दुबळ्याचं रक्षण करत नाही, तिथे सरकारने कायदा केला पाहिजे. टिळकांचा असा की परक्या सरकारने आमच्या चालीरीतींत हात घालू नये, सुधारणा समाजाच्या आतून यावी. पुरावा एक, पूल दोन, निष्कर्ष उलटे. शहाणी माणसं एकाच गोष्टीकडे बघून वेगळं का बोलतात, याचं उत्तर मुलांना इथे मिळतं. मी कुणाच्या बाजूची, असं त्यांनी विचारलं तर मी लपवत नाही. आगरकरांच्या, म्हणून सांगते आणि माझा पूलही सांगते.

लिहायला बसल्यावर

पूर्ण निबंध पहिल्याच दिवशी मागू नये. एक परिच्छेद पुरे : मत, एक कारण, एक पुरावा, एक पूल. तो जमला की विरुद्ध बाजूचा परिच्छेद. मग प्रस्तावना, सर्वांत शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की 'धकाधकीचं जीवन' येतंच. वहीत लिहिण्याआधी एकमेकांना तोंडी सांगू द्यावं, आणि ज्याच्या घरी मालवणी, भोजपुरी किंवा गुजराती बोलतात त्याला पहिला मुद्दा त्या भाषेत सुचला तर सुचू द्यावा.

काही वाक्यांची सुरुवात मी भिंतीवर लावून ठेवते : 'यावरून असं दिसतं की...', 'काही जण म्हणतील की...', 'हे खरं आहे, पण...', 'असं असलं तरी...', 'हे सगळ्यांना लागू होणार नाही, मात्र...'. नवशिक्या मुलाला हा आधार लागतो. तो कायमचा ठेवू नये, नाहीतर 'शाप की वरदान' जाऊन त्याच्या जागी हा साचा येईल. आठवीच्या दुसऱ्या सत्रात मी तक्ता उतरवते.

विरुद्ध बाजू लिहिताना मुलांचा कल असतो सर्वांत लेच्यापेच्या आक्षेपाला उत्तर देण्याचा. 'काही लोक म्हणतील की झोपेची गरज नाही' असं कोण म्हणतं? कुणीच नाही. समोरच्या जोडीने कागदावर ज्या वाक्याने तुम्हाला अडकवलं, तेच वाक्य निबंधात घ्या, असा माझा आग्रह असतो.

मघाचा परिच्छेद असा टप्प्याटप्प्याने कुठवर जाऊ शकतो, ते खाली देते. वर्गातले आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत.

'माझ्या मते आमच्या सकाळ अधिवेशनाची शाळा सातऐवजी साडेसातला भरावी. आमच्या वर्गातल्या ४२ जणांपैकी २७ जण रात्री साडेअकरानंतर झोपतात आणि साडेपाचच्या आत उठतात. म्हणजे त्यांना जेमतेम सहा तास झोप मिळते. आमच्या वयाला किमान नऊ तास झोप हवी असं तज्ज्ञ सांगतात. झोप कमी पडली की लक्ष लागत नाही, आणि आमचे गणित-विज्ञानाचे तास सकाळी पहिलेच असतात, त्यामुळे नुकसान तिथेच होतं. काही जण म्हणतील की मुलांनी रात्री लवकर झोपावं. काही घरांत ते जमेल. पण ज्यांचे आईबाबा कामावरून दहाला येतात, त्यांच्याकडे जेवणच अकराला होतं. दोन तास उशिरा शाळा भरवली तर दुपार अधिवेशनाची मुलं रात्री आठला सुटतील, आणि त्यांच्यावर तो अन्याय होईल. म्हणून मी दोन तास मागत नाही, अर्धा तास मागते.'

शेवटचं वाक्य बघा. नऊ वाजताची मागणी साडेसातवर आली, कारण लिहिणारीने दुपारच्या मुलांचा हिशेब मांडला. दावा लहान झाला आणि जास्त टिकाऊ झाला. पुरावा पेलेल एवढंच मागायचं, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही.

तपासताना एका खेपेला एकच गोष्ट बघावी. पूल शिकवला असेल तर लाल पेन पुलावरच चालावं. ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या खेपेला. शुद्धलेखन मला प्रिय आहे, पण सगळं एकदम लाल केलं तर मूल पुढच्या वेळी सुरक्षित वाक्यं लिहितं. 'छान', 'अजून प्रयत्न कर' यांऐवजी समासात प्रश्न लिहावा : 'हे तुला कसं कळलं?' आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनात, यासाठी जागा आहे. पालकांना मात्र आधी सांगून ठेवावं लागतं, कारण सुविचार नसलेला, अलंकार नसलेला निबंध बघून त्यांना वाटतं की बाई मराठी शिकवतच नाहीत.

विषय निवडताना मुलांना ज्याची झळ लागते आणि ज्याची माहिती ती स्वतः गोळा करू शकतात असेच घ्यावेत. शाळेचं मैदान संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना खुलं असावं का? सगळ्या लोकल एसी कराव्यात का? गृहपाठ शनिवार-रविवारी द्यावा का? वर्गातल्या कुणाची श्रद्धा किंवा घरची रोजीरोटी ज्यात थेट अडकली आहे, तिथे सांभाळून जावं. २०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद झाला, तो युक्तिवादाच्या अभ्यासाला फार चांगला आहे. आरोग्य, श्रद्धा, प्राण्यांबद्दलची दया, शहराच्या आठवणी, सगळंच त्यात आहे. पण बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राच्या घरी त्यावरून दुखावलेली माणसं असू शकतात. असा विषय वाचायला घ्यावा, दोन्ही बाजूंचे पूल शोधून काढावेत. बाजू घेऊन लिहायला लावायची घाई करू नये.

आणखी एक गोष्ट बऱ्याचदा विचारली जाते. निबंध अर्ध्यावर आला असताना मुलाचं मत बदललं तर काय करायचं? माझ्या वर्गात पान फाडायला बंदी आहे. जुन्या मतावर एक आडवी रेघ मारायची, ते वाचता येईल अशी, आणि कोणत्या पुराव्याने ते बदललं हे शेजारी लिहायचं. मग नवं मत वर घालून पुढे लिहायचं. या रेघेचे गुण मी कापत नाही, उलट पुराव्याचे म्हणून ठेवलेले गुण त्या शेजारच्या ओळीलाही मिळतात, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.